फोर्स फीडबॅक लावायचा क्रम: आधी गेन, मग ताकद, इफेक्ट्स सगळ्यात शेवटी

रेसिंग गेमसाठी नवं स्टीअरिंग व्हील कॉम्प्युटरला जोडलं की पहिल्या संध्याकाळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात: गेममधले फोर्स फीडबॅकचे, म्हणजे टायरचा जोर मोटरने हातापर्यंत आणणाऱ्या सोयीचे, सगळे स्लायडर शंभरावर नेतात. व्हील जड होतं, हात भरून येतात, मजा वाटते. काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात. पुढची चाकं घसरताना हाताला काही कळत नाही, गाडी अचानक गरकन फिरते, लॅप टाइम जागचा हलत नाही. मग कुणाच्या तरी व्हिडिओतले आकडे जसेच्या तसे उतरवले जातात. ते आकडे दुसऱ्या व्हीलचे आणि दुसऱ्या गाडीचे असतात, कित्येकदा गेमच्या जुन्या आवृत्तीचेही.

कोथरूडपासून वाकडपर्यंत मित्रांच्या घरी व्हील लावून देताना मला आकड्यांपेक्षा क्रम चुकलेला जास्त दिसतो. क्रम बरोबर असला की आकडे आपोआप सापडतात. तो चुकला तर प्रत्येक स्लायडर आधीच्या स्लायडरची चूक झाकत बसतो, आणि शेवटी नेमकं काय बिघडलंय ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या ओळीने करा. मधली वगळून पुढे जाऊ नका.

## सुरुवातीच्या आधी

दोनेक तास मोकळे ठेवा. एक गाडी आणि एक ट्रॅक ठरवा, आणि सगळं लावून होईपर्यंत दोन्ही बदलू नका. मी सिल्व्हरस्टोन घेतो, कारण हवं ते सगळं तिथे एकाच लॅपमध्ये मिळतं: कॉप्सचं वेगवान उजवं वळण, मॅगट्स-बेकेट्समधली भराभर बदलणारी दिशा, द लूपचं संथ डावं वळण आणि हँगर स्ट्रेटचा लांबलचक सरळ पट्टा. असेटो कोर्सा, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने आणि आयरेसिंग या तिन्ही गेममध्ये हा ट्रॅक आहे. गाडी जीटी३ वर्गातली घ्या.

आत्ता आहेत त्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेजारी वही-पेन असू द्या. एका वेळी एकच स्लायडर हलवायचा, दोन लॅप मारायचे आणि काय जाणवलं ते लिहायचं. टायर गार असताना काहीही ठरवू नका. निदान दोन लॅप टायर तापवण्यात जाऊ द्या.

## १. आधी टेबल, मग सॉफ्टवेअर

बेस, म्हणजे व्हीलचा मोटरचा डबा, ज्यावर बसवलाय ते हलत असेल, तर फीडबॅकचा बारीक भाग टेबलच खाऊन टाकतं. पुढे स्लायडर कितीही फिरवा, तो परत येत नाही. घडीचं स्टडी टेबल या बाबतीत सगळ्यात वाईट. त्याची फळी पातळ असते आणि पाय बिजागरीवर उभे असतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. व्हील बंद असताना रिम (हातात धरायचं चाक) दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे झटके द्या. घरातल्या कुणाला तरी बेस आणि फळी जिथे मिळतात त्या फटीवर बोट टेकवायला सांगा. बोटाखाली फट उघडते-मिटते असं जाणवलं, तर क्लॅम्प सैल आहे. फट स्थिर पण अख्खी फळी वाकते, तर फळी पातळ आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा कापून आणा, बोहरी आळीतून दोन भक्कम सी-क्लॅम्प घ्या, आणि प्लाय टेबलावर आवळून व्हील त्यावर बसवा. मोटरचा जोर गिअरने किंवा बेल्टने रिमपर्यंत आणणाऱ्या व्हीलला एवढं पुरतं. जास्त ताकदीच्या डायरेक्ट ड्राइव्हला (ज्यात रिम थेट मोटरवर बसते) मात्र टेबल पुरत नाही. त्याला स्टँड किंवा रिगच लागते.

तपासा: झटके दिल्यावर फक्त तुमचे हात हलले पाहिजेत. मॉनिटर त्याच टेबलावर असेल आणि डुलत असेल, तर ही पायरी अजून झालेली नाही.

## २. वीज, वायर आणि कॅलिब्रेशन

लॉजिटेक जी२९सारख्या व्हीलला वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो. तो लावलेला नसेल तर बटणं चालतात, स्टीअरिंगही चालतं, पण जोर येत नाही. "फोर्स फीडबॅक मेला" असं म्हणून कुणी बोलावलं, की मी आधी ही वायर बघतो. यूएसबी थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, हबमधून नको. व्हीलवर कन्सोल आणि पीसीसाठी स्विच असेल, तर तो माहितीपत्रकात दिलेल्या जागी आहे ना ते बघा.

वीज मिळाली की गिअरचं किंवा बेल्टचं व्हील स्वतःहून दोन्ही टोकांना फिरून मध्य शोधतं. त्या वेळी रिमला हात लावू नका. लावलात तर मध्य चुकतो आणि मग गाडी सरळ जाताना व्हील कायम थोडं तिरकं राहतं.

सावध: पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं नवीन नाही. वीज गेली तर व्हीलचा स्विच लगेच बंद करा. नाहीतर ती परत येताच रिम जोरात फिरते, आणि त्या वेळी समोर चहाचा कप किंवा लहान मुलाचा हात असू शकतो.

## ३. ड्रायव्हर सॉफ्टवेअर कोरं करा

या पायरीत काहीही "चांगलं" करायचं नाही. नको ते काढून टाकायचं, बस.

- सेंटरिंग स्प्रिंग बंद करा. ती चालू असली की व्हीलला मध्याकडे खेचणारा एक खोटा जोर कायम राहतो, आणि टायरचा खरा जोर त्याखाली दबतो.
- थ्रस्टमास्टरच्या कंट्रोल पॅनलमध्ये एकूण ताकद मुळात ७५ टक्के असते. ती आत्ता तिथेच राहू द्या. ऑटो-सेंटर "गेमकडून" वर ठेवा.
- डायरेक्ट ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅम्पिंग, फ्रिक्शन आणि इनर्शिया (व्हीलचं फिरणं मुद्दाम संथ किंवा जड करणारे स्लायडर) कंपनीने दिलेल्या मूळ आकड्यांवर आणा. स्प्रिंग शून्यावर.
- त्या गेमपुरतं स्टीम इनपुट (स्टीममधली कंट्रोलरसाठीची सोय) बंद करा. ते मध्ये आलं तर कधी फीडबॅक येतच नाही, कधी अडखळत येतो.

एक गोष्ट हमखास सुटते. लॉजिटेकच्या जी हबसारखी सॉफ्टवेअर प्रत्येक गेमसाठी वेगळं प्रोफाइल ठेवतात आणि गेम सुरू झाला की ते गुपचूप बदलतात. तुम्ही डेस्कटॉपच्या प्रोफाइलमध्ये तासभर बदल करता आणि गेमला त्यातलं काहीच मिळत नाही. म्हणून गेम चालू ठेवून सॉफ्टवेअरमध्ये परत जा आणि कुठलं प्रोफाइल चालू आहे ते डोळ्यांनी बघा.

## ४. फिरण्याचा कोन आणि जोराची दिशा

व्हीलचा कोन ड्रायव्हरमध्ये ९०० अंशांवर ठेवा आणि गेमलाही तोच आकडा सांगा. गाडीगणिक लागणारा कोन गेमने स्वतः सांभाळायचा असतो. कॉकपिट व्ह्यूमध्ये गाडी उभी करा, व्हील ९० अंश वळवा आणि पडद्यावरचं स्टीअरिंग बरोबर तेवढंच वळतं का बघा. जास्त वळत असेल तर कोन जुळलेला नाही. अशा वेळी गाडी दचकरी वाटते आणि लोक त्याचा दोष फीडबॅकला देतात.

मग पिटमधून हळूहळू बाहेर या आणि थोडं वळवून हात सैल करा. व्हील मध्याकडे परत आलं पाहिजे. ते उलट टोकाकडे पळत असेल तर जोराची दिशा उलटी आहे. गेममधला इन्व्हर्टचा पर्याय बदला.

सावध: डायरेक्ट ड्राइव्हवर ही चाचणी ताकद २० टक्क्यांवर आणून करा. अंगठे रिमच्या आत, दांड्यांमध्ये अडकवू नका. ते रिमच्या वर टेकलेले असू द्या. बेसला आपत्कालीन बंद करायचं बटण असेल तर ते हाताशी ठेवा.

## ५. गेन: क्लिपिंग कुठे होतंय ते शोधा

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

स्टीअरिंगवर किती जोर येईल ते गेम मोजतो आणि ० ते १०० च्या पट्टीवर व्हीलला पाठवतो. तो जोर किती मोठा करून पट्टीवर बसवायचा, ते गेन ठरवतो. गेन जास्त असेल तर कॉप्समध्ये हिशोब १३० वर जातो, पण व्हीलला जातात १००च. वरचा सगळा चढउतार कापला जातो. हेच क्लिपिंग. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीचा आवाज फाटेपर्यंत वाढवला, की गाण्यातला तबला कुठला आणि पेटी कुठली ते कळत नाही. इथेही तसंच होतं.

आणि कापला जातो तो भाग नेमका कामाचा असतो. पुढच्या टायरची पकड कमाल होण्याच्या जरा आधीच स्टीअरिंगला मध्याकडे खेचणारा जोर उतरायला लागतो. हाताला व्हील किंचित हलकं लागतं, आणि टायर मर्यादेशी आल्याची खूण हीच. आता क्लिप झालेल्या व्हीलवर काय होतं बघा. आतला हिशोब १३० वरून १०५ वर उतरला तरी हाताला १०० च्या १००च मिळतात. टायर घसरायला लागला, व्हील मात्र तितकंच जड. अंडरस्टीअर (पुढची चाकं घसरून गाडी कमी वळणं) कळत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. आणि त्यावर उपाय म्हणून लोक गेन आणखी वाढवतात.

आता कृती.

अ. बेसची ताकद निम्म्यावर आणा. क्लिपिंग गेमच्या सिग्नलमध्ये होतं, त्यामुळे मोजमाप बिघडत नाही आणि हात दमत नाहीत.

आ. गेममध्ये गेन ८० ठेवा. मिनिमम फोर्स, फिल्टर, रोड, कर्ब, स्लिप, एबीएस हे सगळे शून्य.

इ. पेडलच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते ती पडद्यावर आणा. असेटो कोर्सात ती एरवी राखाडी असते आणि क्लिप झाली की लाल होते. कॉम्पेटिझिओनेमध्येही तसाच लाल रंग बघायचा. आयरेसिंगमध्ये कोपऱ्यातला एफ मीटर बघा.

ई. कॉप्समध्ये नजर रस्त्यावर हवी, पट्टीवर नको. म्हणून मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून फक्त त्या पट्टीचा व्हिडिओ घ्या आणि लॅप संपल्यावर संथ गतीने बघा. यातून जेवढं कळतं तेवढं गाडी चालवताना कधीच कळत नाही.

उ. कॉप्समध्ये किंवा हँगर स्ट्रेटनंतरच्या स्टोव्ह वळणात पट्टी सलग लाल राहत असेल, तर गेन ५ ने उतरवा आणि परत लॅप मारा. कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) आदळताना क्षणभर लाल झाली तर चालेल. ती घालवायला गेन उतरवत बसू नका.

तुमच्याकडे शंभराच्या वरचा आकडा दाखवणारं अ‍ॅप असेल तर काम लवकर होतं. गेन ८० वर कॉप्समध्ये १२५ दिसत असेल, तर ८० भागिले १.२५, म्हणजे ६४. तिथून सुरू करा.

आयरेसिंगवाल्यांनी एक लक्षात ठेवा. तिथला मॅक्स फोर्स न्यूटन-मीटरमध्ये असतो आणि तो उलटा चालतो: आकडा वाढवला की व्हील हलकं होतं. आधी दोन-तीन स्वच्छ लॅप मारा आणि मग ऑटो दाबा. आपटलेल्या लॅपनंतर दाबलात तर त्या धडकेवर हिशोब बसतो आणि व्हील मऊ पडतं. डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर लिनिअर मोड चालू ठेवा.

तपासा: द लूपमध्ये मुद्दाम जास्त वेगाने शिरा आणि स्टीअरिंग गरजेपेक्षा जास्त वळवा. पुढची चाकं घसरताना व्हील हलकं झालेलं जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही तर पुढे जाऊ नका.

## ६. ताकद बेसवर ठरवा

गेन ठरला, आता त्याला हात लावायचा नाही. व्हील हलकं वाटतंय तर बेसची ताकद वाढवा, जड वाटतंय तर उतरवा, दर वेळी ५ टक्क्यांनी. काही सॉफ्टवेअरमध्ये ताकदीचे दोन स्लायडर असतात. एक सगळा जोर प्रमाणात लहान-मोठा करतो, दुसरा फक्त कमाल मर्यादा घालतो. मर्यादेचा खाली ओढलात तर गेममध्ये घालवलेलं क्लिपिंग बेसमध्ये परत येतं. म्हणून तो वरच ठेवा आणि पहिला वापरा.

किती ताकद पुरे? माझा निकष असा: २० मिनिटं सलग चालवून बोटं आवळली जात नाहीत आणि बेकेट्समध्ये दिशा बदलताना हात मागे पडत नाहीत, एवढी. "खऱ्या गाडीसारखं जड" असा हट्ट धरू नका. कात्रजचा घाट पॉवर स्टीअरिंगच्या गाडीने चढताना आपण दोन बोटांनीही वळतो. जड असणं म्हणजे खरं असणं नव्हे.

गिअरच्या लहान व्हीलचं गणित थोडं वेगळं आहे. जी२९ची ताकद सुमारे २ न्यूटन-मीटर. तिथे क्लिपिंग पूर्ण घालवायला गेन फार उतरवला तर छोटे जोर गिअरच्या घर्षणातच मरतात. अशा व्हीलवर सर्वांत वेगवान एक-दोन वळणांत पट्टी लाल होऊ द्या आणि बाकी लॅप मोकळा ठेवा. ही तडजोड आहे, आणि ती मला पटते, कारण वेळ मिळतो तो मधल्या आणि हळू वळणांत.

एप्रिल-मेच्या दुपारी, खोलीत पंखाच असेल तेव्हा, मोटर तापते आणि जोर उतरतो. बेल्टच्या व्हीलमध्ये हे जास्त जाणवतं. त्या वेळी ताकद वाढवलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी व्हील भलतंच जड लागतं. सेटिंग सकाळी किंवा रात्री करा, व्हील थोडं चालवून गरम झाल्यावर.

## ७. मिनिमम फोर्स

डायरेक्ट ड्राइव्हला शून्य. विषय संपला.

गिअर आणि बेल्टच्या व्हीलमध्ये मध्याजवळचा हलका जोर घर्षणात हरवतो, म्हणून तिथे एक मऊ, रिकामी पट्टी जाणवते. हँगर स्ट्रेटवर १ टक्क्याच्या टप्प्याने मिनिमम फोर्स वाढवत जा. कधीतरी व्हील मध्यावर डावी-उजवीकडे थरथरायला लागेल. तिथून दोन पायऱ्या खाली या. गिअरच्या व्हीलवर हा आकडा बऱ्याचदा दहाच्या पुढे जातो, बेल्टवर कमी लागतो.

असेटो कोर्सात याहून चांगला मार्ग म्हणजे लट (LUT) फाइल. व्हीलचेक नावाचा प्रोग्राम मोटरला पायरीपायरीने जोर देऊन व्हील प्रत्यक्ष किती हललं ते नोंदवतो, आणि त्या नोंदीवरून लट जनरेटर दुरुस्तीची फाइल बनवतो. चाचणी चालू असताना रिमला हात नको, टेबलाला धक्का नको. फाइल लावल्यावर गेममधला मिनिमम फोर्स शून्यावर आणा. दोन्ही चालू ठेवणं ही फार नेहमीची चूक आहे आणि तिने व्हील मध्यावर खडखडतं. ड्रायव्हरमधली ताकद नंतर बदललीत तर चाचणी पुन्हा करावी लागेल.

## ८. डॅम्पिंग

सरळ रस्त्यावर हात सैल सोडले की डायरेक्ट ड्राइव्ह झुलायला लागतं आणि झोका वाढत जातो. ते थांबेल एवढंच डॅम्पिंग द्या. कॉम्पेटिझिओनेमधलं डायनॅमिक डॅम्पिंग याच कामाचं आहे.

जास्त डॅम्पिंग घेतलं की व्हील "मुलायम" वाटतं आणि लोकांना ते आवडतं. पण गाडीचा मागचा भाग सुटला की पुढची चाकं गाडी चालली आहे त्या दिशेकडे स्वतःहून वळतात आणि व्हीलला सोबत फिरवतात. हातांनी त्या फिरण्याला साथ द्यायची असते. डॅम्पिंगने व्हील संथ झालं असेल तर ही मदत उशिरा पोहोचते आणि गाडी फिरते. "मागचं कळत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा. असेटो कोर्सातला फिल्टरही याच कारणासाठी शून्यावर ठेवा.

तपासा: लूपमधून बाहेर पडताना थ्रॉटल जरा जास्त द्या. मागचं सुटताच व्हील उलट दिशेला पळायला लागलं पाहिजे.

## ९. इफेक्ट्स

रोड, कर्ब, स्लिप हे गेमने वरून मिसळलेले इफेक्ट्स आहेत. टायरचा जोर त्यांच्याशिवायही येतो. दोनदा हिशोब नको, म्हणून मी ते शून्यावरच ठेवतो. एबीएसची थरथर मात्र ब्रेकिंग शिकताना उपयोगी पडते, ती थोडी घ्या. काहीही वाढवलं की पाचवी पायरी परत तपासा, कारण इफेक्ट्सही त्याच ० ते १०० च्या पट्टीत जागा खातात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी: गिअरच्या व्हीलचा कर्बवरचा खडखडाट स्लॅबमधून खालच्या मजल्यावर नीट ऐकू जातो. स्टँडखाली जाड रबरी मॅट घाला आणि रात्री कर्ब इफेक्ट शून्यावर ठेवा. जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशी असेल तर मॅटनेही फारसा फरक पडत नाही.

## १०. गाडी बदलल्यावर

प्रत्येक गाडीचा जोर वेगळा. जीटी३ ला लावलेला गेन रस्त्यावरच्या हलक्या गाडीला पुळचट वाटेल आणि जास्त डाउनफोर्सच्या (हवेने जमिनीकडे जास्त दाबल्या जाणाऱ्या) गाडीत क्लिप होईल. यासाठी मुख्य गेन हलवू नका. असेटो कोर्सात नमपॅडवरच्या अधिक-उणे बटणांनी त्या गाडीपुरता गेन बदलतो आणि तो लक्षातही राहतो. आयरेसिंगमध्ये गाडी बदलली की दोन-तीन लॅपनंतर परत ऑटो.

शेवटचे आकडे वहीत लिहा: बेसची ताकद, कोन, गेन, मिनिमम फोर्स, डॅम्पिंग, आणि सोबत फर्मवेअरची (व्हीलच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती. गेम किंवा फर्मवेअर अपडेट झालं आणि व्हील वेगळं वाटलं, तर स्लायडरला हात लावण्याआधी वहीतले आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी जुळवा. सेंटरिंग स्प्रिंग, प्रोफाइल आणि कोन या तीन गोष्टी अपडेटनंतर मुळावर गेलेल्या असू शकतात, त्या आधी बघा. आकडे तंतोतंत जुळत असूनही फरक जाणवत असेल, तर पाचव्या पायरीतला पट्टीचा व्हिडिओ पुन्हा घ्या आणि जुन्याशी ताडून बघा. यासाठी जुना व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका.